भाडे वाचवण्यासाठी नॅरोबोट घ्यायला निघालेल्या मराठी मुलामुलींना खुले पत्र

मित्रमैत्रिणींनो,

मी आणि माझा नवरा इंग्लंडातल्या कालव्यांवर बोटीत राहतो. त्यामुळे ओळखीतून, ओळखीच्यांच्या ओळखीतून एक प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. विचारणारे बहुतेक जण लंडनमध्ये एमएससी करून नुकते नोकरीला लागलेले असतात. काही नवराबायको असतात, काही अजून शिकत असतात. खोलीच्या भाड्यातच निम्मा पगार जातो, मग कुठून तरी पैसे उभे करून एखादी जुनी नॅरोबोट, म्हणजे कालव्यांसाठीची अरुंद, लांबट बोट, घेतली आणि तिच्यातच राहिलो तर? प्रत्येकाला फोनवर तुटक उत्तर देण्यापेक्षा सगळ्यांसाठी एकदाच नीट लिहावे म्हणून हे पत्र.

बोटीवर राहायचे तर बोट सांभाळण्याचे काम आवडायला हवे, हे माझे उत्तर. ते काम रोजचे असते, स्वतःच्या हाताने करायचे असते आणि त्यातले बरेचसे उद्यावर टाकता येत नाही. ते करायची तयारी असेल तर जरूर या. नुसते भाडे वाचवायचे असेल तर येऊ नका, कारण वाचलेले भाडे बोट दुसऱ्या वाटेने वसूल करते, आणि वेळेवर दिले नाही तर बुडते. मी हे शब्दशः म्हणते आहे. देखभाल न झालेल्या बोटी कालव्याच्या कडेला अर्ध्या पाण्याखाली गेलेल्या दिसतात, आणि त्यांतल्या काहींत कुणाचे तरी अंथरूण, कुणाची तरी पुस्तके असतात.

आधी जागेचे बोलू. जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने १८व्या शतकात मध्य इंग्लंडातल्या कालव्यांची लॉक (बोट वरखाली नेणाऱ्या, दोन्हीकडे दारे असलेल्या टाक्या) साधारण ७ फूट रुंदीची बांधली, आणि आज अडीचशे वर्षांनंतरही बोटीतल्या स्वयंपाकघराची रुंदी त्यानेच ठरवून दिलेली आहे. बोट बाहेरून ६ फूट १० इंच. आतला ऊब धरणारा थर आणि लाकडी अस्तर वजा केले की उरते ६ फुटांच्याही आत. लांबी ७० फुटांपर्यंत असू शकते, पण ५७ फुटांपर्यंतची बोट जवळजवळ सगळीकडे जाते, म्हणून बरेच जण तेवढीच घेतात. कोळसा वाहणाऱ्या जुन्या बोटींवर आख्खे कुटुंब मागच्या जेमतेम १० फुटी खोलीत संसार करायचे, बाकीची बोट मालाची. त्यामानाने आपण ऐसपैस राहतो. तरीही दोन मोठ्या सुटकेस घेऊन विमानातून उतरलेल्या माणसाने त्यातली एक कुठे ठेवणार याचा विचार आधी करावा.

आता कायदा. इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैल जलमार्ग २०१२ पासून कॅनाल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. तिचा परवाना मिळायला विमा लागतो आणि दर ४ वर्षांनी तपासणी करून घ्यायचे बोट सेफ्टी प्रमाणपत्र लागते. शिवाय बोट ठेवण्याची कायमची जागा, म्हणजे होम मूरिंग, दाखवावी लागते. ती नसेल तर १९९५च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार बोट खरोखर प्रवासासाठी वापरली पाहिजे आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आजारपण, बाळंतपण, इंजिन बिघडणे, गोठलेला कालवा अशा कारणांसाठी मुदतवाढ मागता येते, पण मागावी लागते. आणि १४ दिवसांनी शंभर पावले पुढे सरकून पुन्हा मागे येणे म्हणजे प्रवास नव्हे. वर्षभरात २० मैलांच्या टापूतही न फिरणाऱ्या बोटीला ट्रस्टचे समाधान करणे अवघड जाते.

नोकरीवाल्यांनी वरचा परिच्छेद परत वाचावा. आज बोट हॅकनीला आहे म्हणून ऑफिस वीस मिनिटांवर आहे. पंधरवड्याने ती टॉटनहॅमला असेल, मग ली नदीने वर वॉल्थम ॲबीला, मग आणखी उत्तरेला. बोट हलवायची ती शनिवार-रविवारी, पाऊस असो वा बर्फाळ वारा. वेगाची मर्यादा ताशी ४ मैल आणि कडेला बांधलेल्या बोटींजवळून त्याहूनही हळू, म्हणजे ट्यूबने दहा मिनिटांचे अंतर कापायला सकाळची दुपार होते. लंडनच्या आतल्या भागात पोहोचल्यावर जागा मिळेलच असे नाही, दुसऱ्याच्या बोटीला आपली बोट बांधून त्याच्या डेकवरून ये-जा करावी लागते. एप्रिल २०२४पासून कायमची जागा नसलेल्या बोटींना परवान्यावर अधिभारही बसतो आणि तो टप्प्याटप्प्याने वाढत जाणार आहे. कायमची जागा घ्यावी म्हटले तर लंडनमध्ये ती महाग, आणि बऱ्याच ठिकाणी तिथे बारमाही राहण्याची परवानगी नसते. करारात तो शब्द आहे का ते बघा.

आतल्या रोजच्या गोष्टींवर येते. पाणी नळाला येते, पण टाकीत असेल तोवर. बहुतेक टाक्या काहीशे लिटरच्या असतात. भरायची तर पाण्याच्या नळापाशी बोट न्यायची, पाइप लावायचा आणि तासभर थांबायचे. पुण्या-मुंबईत बादलीने अंघोळ करत वाढलेल्यांना हे जड जात नाही. जड जाते ते शौचालय. बहुतेक बोटींवर कॅसेट असते, साधारण २० लिटरची डबी. दोघे असलात तर तीनचार दिवसांत ती भरते आणि उचलून एल्सन पॉइंटवर, म्हणजे त्यासाठी ठरलेल्या जागी, नेऊन रिकामी करावी लागते. दुसरा प्रकार पंपआउटचा, त्यात मोठी टाकी पंपाने रिकामी करून घेतात. तिसरा घन आणि द्रव वेगळे ठेवणारा. तो स्वस्त आणि सोयीचा म्हणून बरेच नवखे घेतात, पण त्यातला घन भाग पिशवीत भरून ट्रस्टच्या कचरापेट्यांत टाकायला आता मनाई आहे. तो पूर्ण कुजेपर्यंत ठेवायला तुमच्याकडे जागा हवी. कोणताही प्रकार घ्या, दोघांनाही ते काम येत असले पाहिजे. एकाला ताप आला तरी डबी भरायची थांबत नाही.

विजेचा हिशेब घरातल्यासारखा नाही. बोटीची वीज १२ व्होल्टची, बॅटऱ्यांत साठवलेली, छतावरच्या सौर तक्त्यांतून आणि इंजिनाच्या अल्टरनेटरमधून येणारी. जूनमध्ये ती पुरून उरते. डिसेंबरात सूर्य दक्षिणेच्या झाडांवर जेमतेम येतो आणि तक्ते जवळजवळ काहीच देत नाहीत, मग इंजिन तासन् तास चालवावे लागते, तेही दुसऱ्यांच्या बोटी जवळ असताना रात्री ८ ते सकाळी ८ सोडून. लेड-ॲसिड बॅटरी वारंवार निम्म्याच्या खाली उतरवली तर ती लवकर संपते, आणि नव्या बॅटऱ्यांचा खर्च येतो तेव्हा कुणालाच वाचलेले भाडे आठवत नाही. आईने प्रेमाने दिलेला ७५० वॉटचा मिक्सर इन्व्हर्टरवरून लावला तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून साठ-सत्तर अँपिअर ओढतो. मी ओल्या नारळाचे वाटण इंजिन चालू असतानाच करून ठेवते. इंडक्शन आणि इलेक्ट्रिक कुकर घरीच ठेवा. गॅसवरचा प्रेशर कुकर मात्र बोटीवर सोन्यासारखा आहे.

गॅस प्रोपेनचाच घ्या. शून्य अंशाच्या आसपास ब्यूटेनची वाफ होणे थांबते आणि ऐन थंडीत शेगडी विझते. सिलिंडर ठेवायचा कप्पा खालून पाण्याच्या बाजूला उघडा असतो, कारण हा गॅस हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर बाहेर जायला हवा, बोटीच्या तळाशी साठायला नको. जास्तीचा सिलिंडर 'तेवढ्यापुरता' पलंगाखाली ठेवलेला मी पाहिला आहे. कृपा करून असे कधीही करू नका.

आपल्या स्वयंपाकाला बोटीत एक वेगळाच शत्रू आहे, आणि तो वासाचा नाही. भाताची वाफ, कुकरची वाफ, माणसांचा श्वास, गॅस जळताना तयार होणारे पाणी, हे सगळे थंड खिडक्यांवर आणि पोलादाच्या आतल्या बाजूवर थेंब होऊन बसते. कपाटामागे, गादीखाली बुरशी येते. त्यावर उपाय हवा खेळती ठेवणे हाच. थंडी वाजते म्हणून हवेची भोके कापडाने बुजवणारा माणूस दोन चुका एकदम करतो. दुसरी किती भयंकर आहे ते पुढे सांगते. गादीखाली हवा जाईल अशी जाळी घाला, खिडक्या रोज सकाळी पुसा, भांड्यावर झाकण ठेवा, आणि ओले कपडे आत वाळत घालणार असाल तर शेकोटी (चिमणी असलेली कोळशाची बंद शेगडी) पेटलेली आणि एक झरोका उघडा असू द्या.

पण खरे घर आहे ते पाण्याखाली, जे विकत घेताना दिसत नाही. नव्या नॅरोबोटीचा तळ साधारण १० मिलिमीटर जाडीच्या पोलादाचा असतो, बाजू ६ मिलिमीटरच्या आणि वरची खोली ४ची. पाणी ते हळूहळू खाते. सगळीकडे सारखे नाही, ठिकठिकाणी खड्डे पाडत. म्हणून दर दोनतीन वर्षांनी बोट ड्राय डॉकमध्ये किंवा उतारावर पाण्याबाहेर काढायची, शेवाळ आणि शिंपले दाबाच्या पाण्याने धुऊन काढायचे आणि डांबराचे थर द्यायचे. त्याला ब्लॅकिंग म्हणतात. इपॉक्सीचा लेप लावला तर जास्त टिकतो, पण त्यासाठी पत्रा उघडा पडेपर्यंत घासावा लागतो आणि खर्च वाढतो. डॉकची तारीख कित्येक महिने आधी ठरवावी लागते, आणि तेवढे दिवस बोटीत राहू देतील की नाही हे त्या डॉकवर अवलंबून.

बोटीच्या बाजूंना मॅग्नेशियमचे ठोकळे जोडलेले असतात. त्यांना ॲनोड म्हणतात. पोलादाऐवजी आधी ते झिजतात, हेच त्यांचे काम. खाऱ्या पाण्यात जस्ताचे चालतात, कालव्याच्या गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचेच हवेत. मरीनात, म्हणजे बोटींच्या धक्क्यावर, किनाऱ्याच्या विजेला जोडून राहणार असाल तर गॅल्व्हॅनिक आयसोलेटर बसवा, नाहीतर शेजारच्या बोटींशी विजेच्या तारेतून जोडले जाऊन तुमचे पोलाद तुमच्या नकळत झिजत राहते. जुनी बोट विकणारा आतून नवे लाकूड, नवे दिवे, सुंदर सोफा दाखवतो. तळाची जाडी कुठे किती उरली आहे ते फक्त पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंडने मोजणारा सर्व्हेअर सांगू शकतो. बाजूंचा पत्रा ४ मिलिमीटरच्या खाली गेला असेल तर विमा कंपनी नाक मुरडते आणि वरून नवे पत्रे जोडण्याचा खर्च पुढ्यात येतो.

इंजिनाकडे रोज दोन मिनिटे बघायची सवय लावा. तेल, पाणी, पट्टा. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा (प्रोपेलरचा) दांडा बोटीतून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारी स्टर्न ग्लँड असते. प्रवास संपला की तिथल्या ग्रीसच्या पितळी टोपीला एक पीळ द्यायचा, थेंब थांबेपर्यंत. ते विसरले की पाणी आत येत राहते, पंप त्याला बाहेर टाकत राहतो, आणि ज्या दिवशी बॅटरी उतरते त्या दिवशी पंप थांबतो. पंख्याला प्लॅस्टिकच्या पिशव्या, दोऱ्या, लंडनमध्ये तर साड्यांचे तुकडेसुद्धा गुंडाळले जातात. ते काढायला वीड हॅचमधून, म्हणजे पंख्यावरच्या झाकणाच्या भोकातून, हात खाली घालावा लागतो. आधी इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला. काम झाले की झाकण घट्ट आवळल्याची खात्री करून मगच इंजिन सुरू करा. झाकण सैल राहिले तर पंख्याने उडवलेले पाणी थेट इंजिनाच्या खोलीत येते, आणि तशा बोटी बुडालेल्या आहेत.

लॉकमधून खाली उतरताना मागच्या दाराजवळ पाण्याखाली दगडी उंबरा असतो. तो कुठवर आहे ते दाखवणारी पांढरी रेघ लॉकच्या काठावर मारलेली असते. तिच्या पुढेच बोट ठेवायची. मागचा भाग उंबऱ्यावर राहिला तर पाणी उतरते, पुढचा भाग खाली जातो, मागचा अडकून राहतो आणि काही क्षणांत बोट पाण्याने भरते. झडप उघडणाऱ्याने सुकाणूवरच्या माणसाकडे सतत लक्ष ठेवावे, फोनकडे नाही. आणि बोट काठाला लागताना हात किंवा पाय मध्ये घालून तिला अडवू नका, तिचे वजन १५-२० टन असते.

थंडीची तयारी सप्टेंबरातच सुरू होते. कोकणात पावसाआधी आगोटीची बेगमी करतात, लाकडे रचतात, कौले शाकारतात, अगदी तसे. बिनधुराच्या कोळशाची पोती छतावर, डिझेल भरून, चिमणी झाडून, शेकोटीचे दार घट्ट बसवणारी दोरी बदलून. नोव्हेंबर ते मार्च ट्रस्ट लॉकांची दुरुस्ती काढते, तेव्हा कालव्याचे काही भाग आठवडेच्या आठवडे बंद असतात. यादी आधी जाहीर होते. ती वाचून ठरवा की हिवाळ्यात तुम्ही कोणत्या लॉकच्या कोणत्या बाजूला असणार, नाहीतर पाण्याचा नळ आणि एल्सन पॉइंट दोन्ही बंद लॉकच्या पलीकडे राहतात.

आणि आता हवेची भोके बुजवण्यातली ती दुसरी चूक. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. शेकोटीची चिमणी काजळीने अरुंद झाली, दाराची दोरी झिजली, जनरेटरचा धूर आत आला, बाजूच्या बोटीच्या इंजिनाचा धूर आत आला, किंवा पावसामुळे बार्बेक्यू आत घेतला, तर तो बोटीत साठतो. डोके दुखते, मळमळते, माणसाला वाटते थंडी बाधली, आणि तो झोपतो. इतक्या लहान, घट्ट बंद जागेत त्याला वेळ लागत नाही. बोटींवर माणसे अशीच दगावली आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला वाचवता आले असते. एप्रिल २०१९पासून राहण्याची जागा असलेल्या बोटींवर त्याचा अलार्म सक्तीचा आहे. प्रमाणपत्रापुरता लावून ठेवू नका. दर आठवड्याला बटण दाबून तपासा, मुदत संपली की बदला. या पत्रातले बाकी सगळे विसरलात तरी चालेल, हे विसरू नका.

कागदपत्रांबद्दल थोडक्यात. स्टुडंट व्हिसावर असाल तर विद्यापीठाकडे तुमचा चालू पत्ता असावा लागतो, त्यामुळे फिरती बोट घेण्याआधी तिथल्या व्हिसा कार्यालयाशी बोला. बँकेसाठी, टपालासाठी भरवशाच्या कुणाचा पत्ता आधीच ठरवून ठेवा. जीपीकडे, म्हणजे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, नाव नोंदवायला पत्त्याचा पुरावा लागत नाही, एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेचा नियमच तसा आहे. काउंटरवरच्या माणसाने मागितला तर शांतपणे तो नियम सांगा. नेहमीचे गृहकर्ज बोटीला मिळत नाही, आणि बोटीची किंमत घरासारखी वाढत नाही.

भाड्याने बोट देतो म्हणणाऱ्यांपासून सावध राहा. खाजगी परवान्यावर बोट भाड्याने देता येत नाही. त्यासाठी वेगळा परवाना आणि वेगळी सुरक्षा तपासणी लागते. इथे नवीन आलेल्या, घाईत असलेल्या आपल्या मुलांना अशा बोटी दाखवल्या जातात. परवाना आणि सुरक्षा प्रमाणपत्र दोन्ही डोळ्यांनी बघितल्याशिवाय अनामत देऊ नका.

एवढे सगळे असूनही मी इथे का राहते, हे तुम्ही विचारालच. कारण इथे माणूस एकटा पडत नाही. दोर सुटला तर अनोळखी माणूस धावत येऊन तो पकडतो. इंधनाची बोट येते, तिच्यावरून कोळसा, डिझेल, सिलिंडर घ्यायचे आणि पुढे कोणता लॉक नादुरुस्त आहे, कुणाला बरे नाही, हे सगळे तिथेच कळते. लंडनमध्ये कालव्याच्या पॅडिंग्टन आर्म या फाट्यावर आल्पर्टनला बोट बांधली की ईलिंग रोडची भारतीय दुकाने चालत अंतरावर. मेथी, कढीपत्ता, शेंगदाण्याचे तेल हवे तेवढे. महिनाभराचा किराणा तिथून घेऊन पुढे निघायचे. हाताला डांबर लागलेले असताना समोरून बगळा उडतो आणि हे सगळे आपण स्वतः नीट ठेवले आहे म्हणून चालू आहे, याचे समाधान मला कुठल्याच फ्लॅटमध्ये मिळाले नव्हते.

तेव्हा ठरवण्याआधी एक करा. सुट्टीसाठी रीतसर भाड्याने मिळणारी बोट घेऊन हंगामाच्या अगदी सुरुवातीला किंवा अगदी शेवटी, गारठा असताना, एक आठवडा राहा. उन्हाळ्यात नको. डबी स्वतः रिकामी करा, पहाटे शेकोटी स्वतः पेटवा, पावसात लॉक उघडा. आठवड्याच्या शेवटीही बोट हवीशी वाटली तर मग सर्व्हेअर शोधा. विकणाऱ्याने सुचवलेला नको, तुमचा स्वतःचा. त्याचा अहवाल हातात येईपर्यंत एक पौंडही पाठवू नका. अहवालातले आकडे कळले नाहीत तर मला पाठवा, आम्ही दोघे बसून वाचू आणि स्पष्ट सांगू.

तुमची,
कालव्यावरची एक शेजारीण